पहिल्यांदाच वरचा माळा किरायाने देतेय, करार कसा करायचा आणि किरायाच्या अटी काय लिहायच्या?

जाईजुई_नागपूर
नमस्कार मंडळी. त्रिमूर्तीनगरात आमचं घर आहे, खाली आई आणि आम्ही, वरचा माळा आत्ताच बांधून झाला. दोन खोल्या, किचन, संडास-बाथरूम, जिना बाहेरून वेगळा. आमच्याकडे आजवर कधी किरायदार राहिला नाही त्यामुळे यातलं काहीच माहीत नाही. एक नवरा-बायको पाहून गेले, दोघंही मिहानमध्ये (विमानतळाजवळचा कंपन्यांचा भाग) नोकरीला, बोलायला चांगले वाटले, १२,००० किराया आणि दोन महिन्यांचं डिपॉझिट म्हणजे २४,००० यावर बोलणं आलंय. दलाल म्हणते स्टॅम्पपेपरवर ११ महिन्यांचा करार टाइप करून नोटरी करून घ्या, रजिस्ट्री वगैरेच्या भानगडीत पडू नका, नागपुरात सगळे असंच करतात. मला ते पटून नाही राहिलं. घर आईच्या नावावर आहे आणि आईची पेन्शन सोडली तर तिला दुसरं उत्पन्न नाही, तिच्या घराचं काही वाकडं व्हायला नको एवढीच काळजी.

विचारायचं हे की लीज करायची की लिव्ह अँड लायसन्स, किराया कोणत्या तारखेला घ्यायचा, उशीर झाला तर काय, लाईट बिल कसं वाटायचं, आणि डिपॉझिटमधून काय कापता येतं. ज्यांनी स्वतः केलंय त्यांनी सविस्तर लिहा प्लीज.

तर्रीवाला
ताई, दलाल सांगते तेच चालते नागपुरात. माझ्या मानेवाड्याच्या घराचे सगळे करार नोटरीवालेच आहेत. माणूस पाहून द्या, कागदानं काही होत नाही.

सदर_वकील
तर्रीवाला भाऊ, माणूस पाहून द्या हे बरोबरच, पण कागदानं काही होत नाही हे चूक आहे आणि नवीन मालकाला असं सांगू नका. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५. भाडेकरार असो की लिव्ह अँड लायसन्स, तो लेखी पाहिजे आणि नोंदणीकृत पाहिजे, मुदत ११ महिने असली तरी. नोंदणी करून घ्यायची जबाबदारी मालकावर टाकलेली आहे, किरायदारावर नाही. नाही केली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे, करार नोंदवलेला नसला आणि वाद झाला तर कोणत्या अटींवर जागा दिली होती याबद्दल किरायदार जे म्हणेल ते खरं धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत. म्हणजे तुम्ही म्हणाल किराया १२,००० ठरला होता, तो म्हणेल ८,०००, आता सिद्ध तुम्ही करा.

११ महिन्यांची पद्धत आली ती १९०८ च्या नोंदणी कायद्यामुळे, त्यात एक वर्षापेक्षा जास्त मुदतीच्या लीजला नोंदणी सक्तीची आहे, म्हणून लोक वर्षाच्या आत राहायला लागले. बाकी राज्यांत त्याचा उपयोग होत असेल, आपल्याकडे १९९९ चा कायदा आल्यापासून त्या ११ महिन्यांनी नोंदणी टळत नाही. नोटरी फक्त एवढंच सांगतो की या माणसांनी माझ्यासमोर सह्या केल्या. ती नोंदणी नाही.

आता लीज की लायसन्स. ताई, राहायच्या घरासाठी लिव्ह अँड लायसन्सच करा. लीज केली की समोरच्याचा त्या जागेत हक्क तयार होतो आणि भाडे नियंत्रण कायद्याचं पूर्ण संरक्षण त्याला मिळतं, किराया थकला तरी आधी लेखी नोटीस, मग ९० दिवस वाट पाहायची, मग दावा. लायसन्स म्हणजे ठराविक मुदतीसाठी राहायची परवानगी, जागेत हक्क नाही. मुदत संपूनही माणूस निघाला नाही तर कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे (अशा प्रकरणांसाठी सरकारने नेमलेला अधिकारी) अर्ज करता येतो, आणि मुदतीनंतर जेवढे दिवस तो बसला तेवढ्या दिवसांची किरायाच्या दुप्पट दराने भरपाई मागता येते. लेखी करारात जे लिहिलंय ते तिथे निर्णायक पुरावा धरतात. म्हणून मसुदा वाचून सही करा, दलालाच्या कॉम्प्युटरमधला जुना करार नाव बदलून घेऊ नका, त्यात कुठे "भाडेकरू", कुठे "लायसन्सी", कुठे "भाडेपट्टा" अशी खिचडी असते.

जाईजुई_नागपूर
वकील साहेब खूप खूप धन्यवाद, हेच कोणी स्पष्ट सांगत नव्हतं. रजिस्ट्रेशनला खर्च किती येतो? दलाल म्हणते सात-आठ हजार लागतात.

वहीखाते
कशाला सात-आठ हजार. मी सीएकडे काम करतो, हिशोब सांगतो. लिव्ह अँड लायसन्सला स्टॅम्प ड्युटी पूर्ण मुदतीच्या किरायाच्या ०.२५ टक्के, त्यात परत करायच्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्क्यांनी व्याज धरून ते मिळवायचं. तुमच्या केसमध्ये १२,००० गुणिले ११ म्हणजे १,३२,०००. डिपॉझिट २४,०००, त्यावर ११ महिन्यांचं व्याज २,२००. एकूण १,३४,२००, त्याचे पाव टक्का ३३५ रुपये ५० पैसे, साईट वरच्या पूर्ण आकड्यात घेईल. नोंदणी फी महापालिका हद्दीत १,००० आणि ग्रामीण भागात ५००. बाकी जे तुमच्याकडून घेतात ती बहुतेक एजंटची फी असते, ऑनलाइन नोंदणीसाठी घरी येऊन अंगठे घ्यायची. ती आधी विचारून घ्या आणि सरकारी चलनाची कॉपी मागा, म्हणजे फी किती आणि सरकारला किती गेले ते दिसते.

आणि ३३ महिने, ३६ महिने असाही करार होतो, लायसन्सला ६० महिन्यांपर्यंत हाच दर आहे. दर ११ महिन्यांनी पुन्हा पुन्हा १,००० भरण्यापेक्षा लोक चांगले असले तर पुढच्या वेळी लांब मुदतीचा करा.

दुसरं, घर आईच्या नावावर आहे तर करारात मालक म्हणून आईच पाहिजे आणि किराया आईच्याच खात्यात जमा झाला पाहिजे. तुमच्या मोबाईलच्या यूपीआयवर घेतला तर तो तुमच्या खात्यात दिसेल आणि उत्पन्न आईचं, उद्या रिटर्न भरताना गोंधळ. आईच्या हिशोबाने पाहिलं तर वर्षाचा किराया १,४४,०००, त्यातून घरटॅक्स आईने भरलेला असेल तो वजा, समजा ६,००० आहे, राहिले १,३८,०००. त्यातून ३० टक्के सरसकट वजावट मिळते दुरुस्ती वगैरे काही पुरावा न देता, म्हणजे ४१,४००. उरले ९६,६००, तेवढंच उत्पन्नात धरायचं. पेन्शन बेताची असेल तर टॅक्सही लागणार नाही कदाचित, पण दाखवा.

आणि ते दोघं नोकरीवाले आहेत म्हणजे एचआरए (घरभाड्यावरची टॅक्स सवलत) मागतीलच. वर्षाचा किराया एक लाखाच्या वर आहे म्हणून त्यांना मालकाचा पॅन कंपनीला द्यावा लागतो. काही मालक पॅन द्यायला नाही म्हणतात आणि मग नंतर भांडण होते. आईचा पॅन आताच करारात टाकून द्या.

धंतोलीच्या_काकू
जाईजुई बाळा, मी कितीतरी वर्षांपासून खोल्या किरायाने देऊन राहिली आहे, आधी मेडिकलची मुलं असायची, आता फॅमिलीला देते. कायदा वकील साहेबांनी सांगितला तो तसाच कर. मी पैशाचं सांगते कारण भांडण पैशावरूनच होते.

किराया ॲडव्हान्स की महिना भरल्यावर, हे लिही. आपल्याकडे चालू महिन्याचा किराया त्याच महिन्याच्या सुरुवातीला घेतात पण लिहिलेलं नसलं की किरायदार म्हणतो मी ऑगस्टचा सप्टेंबरमध्ये देतो, आणि सोडून जाताना एक महिन्याचा हिशोब दोघांच्या डोक्यात वेगळा असतो. पहिल्या महिन्यात मधेच राहायला आले तर तेवढ्या दिवसांचा काढून घे आणि पुढच्या महिन्यापासून १ तारखेपासून धर, म्हणजे आयुष्यभर १७ ते १६ मोजत बसावं लागत नाही.

डिपॉझिट शेवटच्या किरायात वळतं होणार नाही, हे एक वाक्य लिहिच. जाणारा माणूस शेवटचे दोन महिने किरायाच देत नाही, म्हणतो डिपॉझिटमधून कापा, आणि मग लाईटचं बिल, तुटलेला नळ, सगळं तुझ्या गळ्यात. पण मग तूही चाबी हातात आली त्याच दिवशी डिपॉझिट परत दे. आठ दिवसांनी या, पंधरा दिवसांनी या असं करायचं नाही, त्याला पुढच्या घराचं डिपॉझिट भरायचं असते बाप्पा.

हिंगणा_टी_पॉइंट
मी किरायदार आहे, माझी पण बाजू ऐका. आमच्या मालकाने करारात लिहिलं १ तारखेला किराया, उशीर झाला तर रोज १०० रुपये. माझा पगार कॉन्ट्रॅक्टरकडून होतो, ७ तारखेच्या आधी कधीच येत नाही, मी आधीच सांगितलं होतं पण छापील करार आहे म्हणाले. दर महिन्याला सहाशे रुपये जास्तीचे देऊन राहिलो आहे, माझी यात काय चूक? ताई तुम्ही त्यांना आधी विचारा पगार कधी होतो आणि त्याच्या दोन-तीन दिवस पुढची तारीख टाका. किराया वेळेवर यायची सगळ्यात सोपी युक्ती हीच आहे.

तर्रीवाला
लेट फी पायजेच भाऊ. नाहीतर लोक गृहीत धरतात.

धंतोलीच्या_काकू
मी कधीच लेट फी टाकली नाही. लेट फी टाकली की माणूस म्हणतो पैसे देऊन राहिलो ना उशिराचे, मग उशीर करायचा हक्कच मिळाल्यासारखा वागतो. मला किराया पाहिजे, दंड नाही पाहिजे.

सदर_वकील
दोन्ही बाजू बरोबर आहेत, मधला मार्ग असा. तारीख पगारानंतरची ठेवा, त्यावर पाच दिवसांची सवलत लिहा, त्यानंतर एकदाच एक ठराविक वाजवी रक्कम, रोज वाढणारी नको. रोजचा दंड फुगून किरायाच्या बरोबरीला गेला तर कोर्ट असा दंड जसाच्या तसा मान्य करत नाही, वाजवी भरपाई किती तेच पाहते. खरं संरक्षण दुसऱ्या अटीत आहे, ती म्हणजे लागोपाठ दोन महिन्यांचा किराया थकला तर लेखी नोटीस देऊन मालक लायसन्स रद्द करू शकेल. ही अट लिहा. आणि थकला म्हणून पाणी बंद करणं, लाईट कापणं, कुलूप लावणं हे चुकूनही करू नका. अत्यावश्यक सोयी तोडणं हा कलम २९ खाली गुन्हा आहे, किराया कितीही थकलेला असला तरी.

किराया मिळाला की पावती देणं पण बंधनकारक आहे, कलम २६. बँकेतून आला तरी पावती द्या, त्यांना एचआरएला लागेलच.

फुटाळा_बॉय
व्हॉट्सॲपवर फिरून राहिलं की नवीन भाडे कायदा आला आणि दोन महिन्यांच्या वर डिपॉझिट घेताच येत नाही म्हणून. खरं आहे का?

सदर_वकील
ते २०२१ च्या मॉडेल टेनन्सी ॲक्टमधलं आहे. केंद्राने राज्यांसाठी नमुना म्हणून दिलेला कायदा, राज्याने स्वतः स्वीकारला तर लागू होतो. आपल्याकडे १९९९ चाच कायदा पाहायचा. डिपॉझिट दोघांत ठरेल ते. ताईंचे दोनच महिने आहेत, ठीकच आहे.

कूलरमिस्त्री_नव्हे
लाईट बिलावर कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो, आणि नागपूरच्या मालकाला हा सगळ्यात महत्त्वाचा विषय आहे असं माझं स्पष्ट मत आहे. एप्रिल ते जून कूलर दिवसरात्र चालतो. खाली-वर एकच मीटर असेल तर दोन घरांचे युनिट एकत्र मोजले जातात आणि महावितरणचे घरगुती स्लॅब १००, ३००, ५०० असे चढत जातात, म्हणजे वेगवेगळे असते तर दोघंही खालच्या स्लॅबमध्ये राहिले असते ते एकत्र झाल्याने वरच्या स्लॅबमध्ये जाऊन बसतात. मग सबमीटर लावून युनिटला किती रुपये घ्यायचे यावर दर उन्हाळ्यात वाद. तुमचा जिना वेगळा, किचन वेगळं, वरच्या माळ्यासाठी स्वतंत्र मीटरचा अर्ज करा किरायदार यायच्या आधी. थोडा खर्च होईल पण कायमची कटकट जाते.

स्वतंत्र मीटर घेतलं तरी ते आईच्या नावावरच राहील, आणि बिल थकलं तर महावितरण ज्याच्या नावावर मीटर आहे त्याला धरते. म्हणून त्या मीटरचा १२ आकडी ग्राहक क्रमांक तुमच्या मोबाईलमधल्या महावितरणच्या ॲपमध्ये टाकून ठेवा, बिल भरलं की नाही दर महिन्याला दिसते, किरायदाराला विचारत बसायचं काम नाही. चाबी देताना आणि घेताना मीटरच्या रिडिंगचा फोटो, दोघांच्या समोर, दोघांच्या मोबाईलमध्ये.

आता कूलर बसवायचा कसा ते लिहा करारात, मी गंमत करत नाही आहे. किरायदार खिडकीची जाळी काढतो, बाहेर लोखंडी स्टँड ठोकतो, पंपाचं पाणी टपकत राहते आणि टाकीतून सांडते ते खिडकीखालच्या भिंतीत मुरते. पावसाळ्यापर्यंत आतल्या बाजूने पोपडे आणि पांढरी खार. तुमचं बांधकाम नवीन आहे, पेंट ताजा आहे, एका उन्हाळ्यात खराब होईल. तुम्हीच एका ठरलेल्या खिडकीला पक्का स्टँड लावून द्या, सांडलेलं पाणी जायला पाइप काढून खालच्या नालीत सोडा, आणि लिहा की कूलर त्याच खिडकीत लागेल. एसी लावायचा असेल तर आधी विचारायचं, कारण मंजूर लोड तेवढा आहे का पाहावं लागते.

जाईजुई_नागपूर
कूलरचं तर डोक्यातच नव्हतं आलं! वरच्या बेडरूमला पश्चिमेची खिडकी आहे, तिथेच लावतील ते. मिस्त्री अजून येऊन राहिले आहेत घरी, स्टँड आणि पाइप आत्ताच करून घेते. मीटरचा अर्ज पण टाकते.

आणखी एक विचारते, आईचं वय ७४, तिच्या बोटांचे ठसे बँकेतही लवकर लागत नाहीत. घरी अंगठे घेणारा एजंट आला आणि मशीनने घेतलंच नाही तर?

वहीखाते
होते असं ज्येष्ठांचं. घासून घासून रेषा पुसट होतात, त्यात हिवाळ्यात कातडी कोरडी. अंगठाच पाहिजे असं नाही, दहाही बोटं लावून पाहायला सांगा, अनामिका किंवा करंगळी बऱ्याचदा लागते कारण तिची झीज कमी. आधी कोमट पाण्याने हात धुवायचे, पुसायचे, आणि थोडंसं तेल किंवा क्रीम चोळून लगेच कोरड्या कपड्याने टिपायचं. मशीनची काच पण पुसायला लावा, आधीच्या माणसाचा घाम तिच्यावर असतो. तरीही नाहीच झालं तर आधार केंद्रात जाऊन बायोमेट्रिक अपडेट करून घ्या, आणि घाई असेल तर ऑनलाइनचा नाद सोडून दुय्यम निबंधकांच्या ऑफिसात प्रत्यक्ष नोंदणीबद्दल विचारा. एजंटला हे आधीच सांगा, नाहीतर तो दुसऱ्या चकरेचे पैसे मागेल.

मनीषनगर_फ्लॅट
धागा हायजॅक करत नाही पण एक विचारतो, माझा फ्लॅट स्कीममध्ये आहे, सोसायटी किरायाने दिला म्हणून मेंटेनन्सच्या निम्मे जास्तीचे मागते. बरोबर आहे का?

सदर_वकील
नोंदणीकृत सहकारी गृहनिर्माण सोसायटी असेल तर बिनभोगवटा शुल्क, म्हणजे मालक स्वतः न राहता किरायाने देतो म्हणून लागणारा जास्तीचा आकार, सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही, १ ऑगस्ट २००१ चा शासन निर्णय आहे. सेवाशुल्काच्या म्हटलंय, पूर्ण मेंटेनन्स बिलाच्या नाही. लेखी पत्र द्या सोसायटीला.

जाईजुई_नागपूर
सगळ्यांच्या सल्ल्याने मसुदा केला. ते दोघं काल पुन्हा येऊन गेले, पगार विचारला तर त्याचा महिन्याच्या शेवटच्या दिवशी आणि तिचा ५ तारखेला होतो म्हणाले, म्हणून ७ तारीख ठरली. पैशाच्या अटी अशा लिहिल्या आहेत, वाचून सांगा काही राहिलं का:

"चालू महिन्याचे शुल्क रु. १२,००० दर महिन्याच्या ७ तारखेपर्यंत मालकाच्या बँक खात्यात आगाऊ जमा करावे. १२ तारखेनंतर जमा झाल्यास त्या महिन्यापुरते रु. ३०० एकदाच जास्तीचे द्यावे. लागोपाठ दोन महिने शुल्क न मिळाल्यास मालक १५ दिवसांची लेखी नोटीस देऊन परवानगी रद्द करू शकेल. अनामत रक्कम रु. २४,००० बिनव्याजी असून ती मासिक शुल्कात वळती होणार नाही. जागा रिकामी करताना दोघांनी मिळून पाहणी करावी, वीज-पाण्याचे थकीत बिल आणि सामान्य वापराने झालेली झीज सोडून झालेले नुकसान वजा करून उरलेली रक्कम ताबा परत दिल्याच्या दिवशीच बँकेतून द्यावी. पहिले सहा महिने दोघांपैकी कोणीही करार मोडू नये, नंतर एक महिन्याची लेखी सूचना द्यावी. दरवर्षी शुल्कात ५ टक्के वाढ होईल."

दलालाला सांगितलं की रजिस्ट्रेशन करूनच देणार. आधी कुरकुरला, मग म्हणे माझ्या ओळखीचा एजंट आहे. आम्ही आमचा वेगळा पाहिला.

हिंगणा_टी_पॉइंट
असा मालक मला मिळाला असता तर बरं झालं असतं ताई. झीज वजा होणार नाही हे तुम्ही स्वतःहून लिहिलं, पेंटच्या नावाखाली सगळं डिपॉझिट ठेवून घेणारे पाहिले आहेत मी.

सदर_वकील
मसुदा चांगला आहे, चार दुरुस्त्या. एक, ५ टक्के वाढीचं वाक्य काढा, करार ११ महिन्यांचा आहे, त्यात "दरवर्षी" येत नाही. वाढ नवीन करारात येईल. ३३ महिन्यांचा केलात तर मात्र प्रत्येक ११ महिन्यांचा आकडा वेगवेगळा लिहा, स्टॅम्प ड्युटी त्या बेरजेवर निघते. दोन, सहा महिन्यांच्या बंधनात "थकबाकीमुळे रद्द करण्याचा हक्क सोडून" हे शब्द घाला, नाहीतर तुमचीच दोन अटींत टक्कर होते. तीन, आत काय काय दिलंय त्याची यादी करारालाच जोडा, पंखे किती, नळ किती, गिझर, किचनची चिमणी, कूलरचा स्टँड सगळं, फोटोंसकट. आणि "वीज-पाण्याचे बिल" म्हटलंय पण पाण्याचं मीटर खाली-वर एकच असणार, त्याचा वाटा किती तो आकडा टाका.

जाईजुई_नागपूर
हो पाण्याचं मीटर एकच आहे. किती घेऊ?

धंतोलीच्या_काकू
माणसांवर वाट. खाली तुम्ही किती, वर ते दोघं, बिल आलं की त्या हिशोबाने भाग पाड आणि बिलाचा फोटो पाठव त्यांना. उन्हाळ्यात कूलरमुळे पाणी जास्त लागते ते दोन्हीकडे लागते, त्यावरून वाद घालू नको. वर्षातून दोनदा टाकी साफ करायचा खर्च तुझा, ते लिहून टाक. आणि पोलीस ठाण्यात किरायदाराची माहिती द्यायला विसरू नको हो, ऑनलाइनही होते, त्यांचे आधार, फोटो आणि गावचा पत्ता लागते. करार हातात आला की लगेच देऊन टाक आणि पोच जपून ठेव.

जाईजुई_नागपूर
आम्ही खाली तिघं आणि वर दोघं, म्हणजे पाण्याचे पाचातले दोन भाग त्यांचे. लिहिते तसं. वाढीचं वाक्य काढलं, बाकी दुरुस्त्या टाकल्या, यादी उद्या खोलीत उभं राहून करते. एजंट रविवारी सकाळी येतोय, त्याला आईच्या बोटांचं सांगून ठेवलंय.